टेलरसाहेबाचं रिव्हॉल्व्हर: सोलापूर, नळदुर्ग आणि मामांची पत्र्याची पेटी

शुक्रवार

पुण्याहून संध्याकाळी निघालेली हुतात्मा एक्सप्रेस रात्री दहाच्या आसपास सोलापुरात टेकली. जानेवारीचा पहिला पंधरवडा, त्यामुळे कुर्डुवाडीच्या पुढे खिडकी लावावी लागली. स्टेशनाबाहेर मामा मफलर कानावरून घेऊन उभे. माझ्या धाकट्या भावाला बघताच, "का बे, एवढीच बॅग? परत जाताना चादरी कशात घालून नेणार?"

घराकडे येताना बाळीवेशीजवळ रिक्षा थांबली. समोरून पोरांचा एक घोळका नंदीध्वजाचा सराव करत येत होता. उंचच उंच काठी, ती कमरेच्या पट्ट्यात पेललेली, आजूबाजूला "सावकाश, सावकाश" म्हणणारे पाच-दहा जण. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आली की सोलापूरच्या गल्ल्यांत रात्री हेच चालतं. रिक्षावाला इंजिन बंद करून हात जोडून बसला. घाई कुणालाच नव्हती.

जेवायला कडक भाकरी, दही, वांग्याची भाजी आणि शेंगा चटणी. पुण्यात 'सोलापुरी' म्हणून पुडीत मिळते ती नव्हे. उखळात कुटून तेल सुटलेली, बोटाला लालसर डाग ठेवणारी. मामी म्हणाली, "भाकरी मोडून दह्यात बुडीव, मग चटणी." मी ऐकलं आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

या वेळी जाण्याचं कारण वेगळं होतं. मामांनी बाहत्तरी ओलांडली. घरातल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचं पुढे काय करायचं, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यांच्या मुलाला लायसन नको आहे. ते मोडीत घालायला मामांचं मन होत नाही. धाकटा भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, जुन्या यंत्रांचा त्याला नाद आहे. "एकदा येऊन नीट बघून सांग काय आहे ते," असं मामांनी त्याला फोनवर म्हटलं होतं. आणि पुढे, आम्ही लहानपणापासून ऐकत आलो ते वाक्य: "टेलरसाहेबाचं आहे, साधं नाही." टेलर म्हणजे एकेकाळी नळदुर्गचा कारभार पाहणारा इंग्रज अधिकारी.

शनिवार

सकाळी चौकातल्या गाडीवर इडली. गाडीवाले अण्णा एका गिऱ्हाईकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कन्नडात आणि आमच्याशी मराठीत बोलत होते, आणि हिशोब तिन्ही भाषांत चोख. सोलापुरात नवख्या माणसाला सर्वात आधी हेच जाणवतं.

घरी आल्यावर मामांनी कपाटातली पत्र्याची पेटी काढली. सतरंजीवर जुनी चादर पसरली, देवघराचं दार ओढून घेतलं. मग फडक्यात गुंडाळलेली वस्तू धाकट्याच्या हातात दिली.

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान निघालं. काळपट पोलाद, कडांवरचा रंग उडून राखाडी झालेला. मुठीच्या लाकडावर चौकटी-चौकटींची नक्षी, अंगठा बसतो तिथे ती पार गुळगुळीत. धाकट्याने आधी नळी भिंतीकडे केली, उजवीकडचं छोटं झाकण उघडलं आणि सिलिंडर एकेक घर फिरवत सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली. "रिकामं आहे हे माहीत असलं तरी बघायचं," तो म्हणाला. मामांनी मान डोलावली. परीक्षेत पोरगा पास झाला होता.

मग टॉर्च आणि भिंग. पुढचा तासभर आम्ही त्या वीतभर लोखंडावरचे ठसे वाचत होतो.

डाव्या अंगाला 'वेब्लीज आर. आय. सी.' आणि 450 हा आकडा. शेजारी पंख फुटलेली बंदुकीची गोळी: ही वेब्लीची खूण. सिलिंडरच्या प्रत्येक घरावर मुकुटाचा बारीक शिक्का. तो बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा. तिथे प्रत्येक हत्यारात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून बघत, फुटलं नाही तर शिक्का. हे प्रूफ हाउस 1813 साली पार्लमेंटच्या कायद्याने सुरू झालं आणि अजून चालू आहे. आणि वरच्या पट्टीवर, झिजलेल्या अक्षरांत, 'आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.' हे दुकानदाराचं नाव.

धाकट्याने भिंग खाली ठेवलं. "मामा, टेलर नळदुर्गला कधी होता?"

"त्रेपन्न ते सत्तावन्न. अठराशे."

"आणि हिंदुस्थान सोडला?"

"साठला."

"मग हे त्याचं नाही. आर. आय. सी. म्हणजे रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी. आयर्लंडच्या पोलिसांनी हे मॉडेल 1868 ला घेतलं, म्हणून ते नाव. आणि आर्मी अँड नेव्ही सोसायटी निघाली 1871 ला."

मामा काही क्षण गप्प. मग एकदम उजळून: "पण टेलर 1875 ला परत आला होता की! हैदराबादला, सालारजंगच्या बोलावण्यावरून!"

हे खरं आहे. सालारजंग म्हणजे निजामाचा दिवाण. मामांनी टेलरचं आत्मचरित्र कोळून प्यायलेलं आहे.

"मामा," धाकटा शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला, "तेव्हा त्याला धड दिसत नव्हतं. त्यात तापाने आजारी पडून परत फिरला तो. रिव्हॉल्व्हर वाटत हिंडत नसेल."

मामी आतून हसली. मामा हसले नाहीत.

फिलिप मेडोज टेलर हा आमच्या आजोळचा घरचाच माणूस. लिव्हरपूलमध्ये 1808 साली जन्मलेला, पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आलेला आणि तिथे निभावलं नाही म्हणून निजामाच्या फौजेत शिरलेला. जमीनमोजणी, कायदा, भूगर्भशास्त्र, सगळं स्वतःच शिकला. 1853 च्या तहात निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे दिला आणि तिथला कारभार टेलरकडे आला. आमच्या पणजोबांचे आजोबा त्याच्या कचेरीत कारकून होते, आणि 1857 साली वऱ्हाडात बुलढाण्याला बदली झाल्यावर निघताना साहेबाने कंबरेचं रिव्हॉल्व्हर काढून त्यांच्या हातात दिलं, ही घरातली कथा. दिवाळीला एकत्र जमलं की ती निघायचीच.

साहेब गेला, पण कारखानदाराची गोष्ट शिल्लक होती आणि ती धाकट्याला तोंडपाठ. बर्मिंगहॅममध्ये विल्यम डेव्हिस नावाचा माणूस शिशाच्या गोळ्या ओतायचे साचे करायचा. 1834 साली तो धंदा त्याच्या जावयाकडे, फिलिप वेब्लीकडे आला. 1853 मध्ये वेब्लीने पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं. माल उत्तम, पण सगळं हातकाम. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने लंडनमध्ये कारखाना टाकला. एकसारखे सुटे भाग मशीनवर पाडायचे आणि जोडायचे, या रीतीपुढे हातकामाचा भाव टिकेना. शिवाय रॉबर्ट ॲडम्सचं रिव्हॉल्व्हर होतंच. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याचं नाव झालं होतं. कोल्टला दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे, ॲडम्समध्ये चाप ओढला की घोडा आपला आपण उठून पडे. जवळून झटापट असली तर हा फरक जिवावरचा.

कोल्टचा लंडनचा कारखाना 1856 मध्ये बंद पडला. वेब्ली मात्र टिकला, मशीनवर आला, आणि आर. आय. सी.ने त्याचा जम बसवला. 1887 साली ब्रिटिश सैन्याने त्याचं कंबरेत मोडून उघडणारं मॉडेल घेतलं. पहिलीच मागणी 10,000 नगांची, नग तीन पौंड एक शिलिंग एक पेनी. पुढे 1897 मध्ये आणखी दोन कंपन्या मिळून 'वेब्ली अँड स्कॉट' झाली. म्हणजे आमच्या पेटीतला नग 1871 ते 1897 मधला. आजोळच्या कथेपेक्षा हे ठसे रुक्ष, पण त्यांना उलटतपासणी चालते.

बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरबद्दल धाकटा बोलत होता तेव्हा मामा अचानक सावरून बसले. तिथे अख्खी बंदूक एका छताखाली क्वचितच व्हायची. नळी एका गल्लीत, चाप-घोडा दुसऱ्या, मुठीचं लाकूड तिसऱ्या, आणि पोरं अर्धवट माल घेऊन या कारखान्यातून त्या कारखान्यात पळायची. "मग हे आपल्या पूर्व भागासारखंच की बे," मामा म्हणाले. "सूत एकाकडे, रंग दुसऱ्याकडे, ताणा तिसऱ्याकडे, माग चौथ्याचा आणि चादरीवर छाप पाचव्याचा!" एवढ्यावर त्यांचा वेब्लीशी समेट झाला.

ज्यांच्या घरी असं जुनं हत्यार निघेल त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. आजोबांची आठवण असली तरी लायसन नसताना ते घरात ठेवणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. लपवू नका, विहिरीतही टाकू नका, आधी पोलीस ठाण्याला कळवा. वारसाने नावावर करून घेता येतं. मामांनी तसंच केलंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसनची मुदत पाच वर्षांची झाली. निवडणूक लागली की ठाण्यात नेऊन जमा करायचं आणि निकालानंतर परत आणायचं, ही वारी वेगळी. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते, त्यामुळे परदेशातल्या लिलावात पाठवून पैसे करायचे मनसुबे कुणी सुचवले तर सोडून द्या. आणि तेल लावायचंच तर कापडाला लावून पुसा. सँडपेपर अजिबात नको. रंग आणि ठसे गेले की उरतं ते भंगार.

पेटीच्या तळाशी कागद होते. 1878 च्या शस्त्र कायद्याखालचं पणजोबांचं लायसन, घडीवर फाटलेलं, मागे दरसालच्या नूतनीकरणाचे शिक्के. कारणाच्या रकान्यात मालमत्तेचं रक्षण. पणजोबा रुईचे अडते. बार्शीकडून, नळदुर्गाकडून रोकड घेऊन बैलगाडीने येत. आणि एक पावती, 1921 ची. रेल्वेतल्या एका साहेबाच्या मृत्यूनंतर त्याचं सामान लिलावात निघालं, त्यातलं 'एक जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर'.

"ही पावती तुम्ही वाचली नव्हती, मामा?"

"वाचली होती," मामा म्हणाले आणि पेटी बंद करायला लागले.

दुपारी भुईकोट किल्ल्यात आणि सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी हिंडलो. यात्रेचे मांडव पडत होते. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम असा संक्रांतीच्या अलीकडे-पलीकडे सगळा सोहळा असतो. तो बघायचा तर मुक्कामाची सोय फार आधी करा. नुसतं देऊळ शांतपणे बघायचं असेल तर आमच्यासारखं आठवडाभर आधी या.

संध्याकाळी चार हुतात्मा चौक. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. पुतळे धुऊन काढायचं काम चाललं होतं, 12 तारीख जवळ आली होती. आमची गाडी ज्यांच्या नावाने धावते ते हेच चौघे. गांधीजींच्या अटकेनंतर मे 1930 मध्ये सोलापूर पेटलं. 8 तारखेला गोळीबार झाला, चौकी आणि कोर्ट जळलं, पोलीस मारले गेले. सरकारी माणसं शहरातून हटली, आणि 9 ते 11 मे सोलापूरचा कारभार लोकांनीच चालवला. 12 ला मार्शल लॉ पुकारला, तो जूनअखेरपर्यंत होता. चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवला गेला.

या सगळ्याला रिव्हॉल्व्हरचं एक शेपूट आहे आणि ते पुण्यात निघालं. 22 जुलै 1931 ला मुंबईचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेजची वाडिया लायब्ररी बघायला आले असताना वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर समोरून गोळ्या झाडल्या. सोलापूरच्या अत्याचारांचा आणि फाशांचा बदला म्हणून. हॉटसन वाचले. गोगट्यांना शिक्षा झाली, 1937 मध्ये सुटले, पुढे पुण्याचे महापौर झाले आणि जन्मभर 'हॉटसन गोगटे' म्हणून ओळखले गेले. फर्ग्युसनच्या त्या लायब्ररीत मी परीक्षेचे कितीतरी दिवस काढलेत. तिथे बसून सोलापूर कधी आठवलं नव्हतं.

रविवार

नळदुर्ग हैदराबाद रस्त्यावर, सोलापूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटर. मामांना न्यायचं की नाही, यावर आम्हा भावंडांत कुजबुज झाली. ते आधीच गाडीत जाऊन बसले होते.

वाटेत बोरामणीच्या पुढे मामांच्या ओळखीच्या शेतात हुरडा. गोवऱ्यांची आगटी, त्यात भाजलेली गुळभेंडीची कणसं, आणि हातावर चोळून गरमागरम दाणे पुढ्यात टाकणारी एक मावशी. हात असे भाजून निबर झालेले की निखाऱ्यातून कणीस उचलताना ती डोळासुद्धा मिटत नव्हती. सोबत शेंगा चटणी, दही, गूळ. "पुण्यात पाचशे रुपयं घेत्यात म्हनं ह्याचं," ती म्हणाली, "आन् वर झोपाळा देत्यात." हुरड्यावर पाणी लगेच पिऊ नका, ताक प्या. हुरड्याचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारीचा, त्यामुळे सोलापूर बघायचे महिनेही तेच. एप्रिल-मेमध्ये इथे कुणी हौसेने येत नाही.

किल्ल्यात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. तट बघून धाकट्याची बोलती बंद झाली, हे क्वचित होतं. शंभराहून जास्त बुरूज, आणि बोरी नदीच वळवून किल्ल्याच्या पोटात घेतलेली. नदीवर दगडी बंधारा, आणि त्या बंधाऱ्याच्या आत पाणी महाल. 1613 साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला. पावसाळ्यात डोक्यावरून नदी कोसळत असताना आतल्या सज्जात कोरडं बसायचं, अशी ही कल्पना. नर आणि मादी असे दोन धबधबे तेव्हा पडतात. आम्हाला जानेवारीत ओलसर भिंत आणि कबुतरं मिळाली. पण पाणी नसल्यामुळे दगडाचं काम नीट बघता आलं, हेही बरंच. धबधब्यासाठी जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर, आणि मग गर्दीची तयारी ठेवा. उपळी बुरुजावर चढताना पायऱ्या उंच आहेत. वर लांबलचक तोफा आहेत आणि सावलीचं नाव नाही. टोपी, पाणी न्याच.

टेलर याच किल्ल्यात राहत होता. मामा आम्हाला तटाच्या कडेने नेत होते, "इथून तो नदी बघत बसायचा" वगैरे सांगत. सावलीला टेकल्यावर मी विषय काढला, तो त्याच्या आयुष्यातल्या खऱ्या रिव्हॉल्व्हरचा. मामांना ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली माहीत होती, पण घरात ती कधी सांगितली जात नसे.

नळदुर्गच्या आधी टेलर सुरपूरला होता. आजच्या यादगीर जिल्ह्यातलं बेडरांचं संस्थान. तिथला राजा वेंकटप्पा नायक तेव्हा लहान मूल, आणि त्याच्या वतीने कारभार टेलरकडे. पोर त्याला 'अप्पा' म्हणायचं. मोठा झाल्यावर 1858 च्या फेब्रुवारीत राजा इंग्रजांविरुद्ध उठला, हरला, पकडला गेला. सिकंदराबादच्या कैदेत टेलर भेटायला गेला तेव्हा राजा त्याला बिलगला. मला चोरासारखं फासावर चढवू नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढंच त्याचं मागणं. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली, मद्रासजवळच्या चेंगलपेटला. तिकडे नेत असताना मुक्कामाच्या तंबूत पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने कंबरपट्टा काढून राजाच्या खुर्चीच्या पाठीला अडकवला, पट्ट्यात भरलेलं रिव्हॉल्व्हर, आणि स्वतः तोंड धुवायला बाहेर गेला. गोळीचा आवाज ऐकून धावत आला तर राजा जमिनीवर. राजा चोविसाव्या वर्षी जाईल असं भाकीत त्याच्या पत्रिकेत होतं आणि टेलरला ते कित्येक वर्षं माहीत होतं.

"अधिकारी एवढा बावळट होता का?" धाकट्याने विचारलं.

"काहीजण म्हणतात मुद्दाम ठेवलं," मामा म्हणाले. "कैद नको, मरण बरं, असं तो पोरगा बोलून गेला होता आधी. मला वाटतं बावळटच. साहेब झाला म्हणून काय शहाणा असतो?"

खाली उतरताना चहाच्या टपरीवर एक म्हातारे चाचा बसले होते. मामांनी त्यांना 1948 बद्दल छेडलं. 13 सप्टेंबरला पहाटे भारतीय फौज सोलापूरहून हैदराबादकडे निघाली आणि पहिली चकमक इथेच, नळदुर्गला झाली. बोरीवरचा पूल उडवायच्या आत फौजेने ताब्यात घेतला. "आमचे अब्बा सांगायचे, सकाळी निजाम आन् सांजच्याला नेहरू," चाचा म्हणाले आणि आमच्या चहाचे पैसे काही केल्या घेईनात.

एक पोरांचा ग्रूप शेजारी फोटो काढत होता. मामांनी त्यांना टेलरची माहिती दिली, तारखांसकट, अगदी बरोबर. मग थोडं थांबून, आमच्याकडे न बघता: "त्याचं रिव्हॉल्व्हर आमच्या घरी आहे." पोरं एकदम मोबाइल खाली करून ऐकायला लागली. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

रात्री अक्काआजींकडे गेलो. मामांच्या काकू त्या, नव्वदीच्या आसपास, साखर पेठेत लेकाकडे असतात. कान मंद, बाकी खणखणीत. मामा बाहेर व्हरांड्यात लेकाशी बोलत बसलेले. धाकट्याने मोबाइलवर रिव्हॉल्व्हरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितला.

"ते पिस्तूल व्हय. मामंजींचं."

मामंजी म्हणजे त्यांचे सासरे, आमचे पणजोबा. टेलरचं नाव त्यांच्या तोंडी नव्हतं. मी विचारलं, तर हातानेच उडवून लावलं. "ते तुझ्या आजानं काढलेलं. सासूबाई येगळं सांगायच्या."

सासूबाईंनी सांगितलेलं असं. मे महिन्यातल्या त्या तीन दिवसांत, शहरात पोलीस नव्हते तेव्हा, पेठेतली पोरं रात्री दारात आली. मालक, पिस्तूल द्या म्हणाली. पोरं ओळखीची, काहींचे बाप गिरणीत, काहींचे अडतीवर हमाल. मामंजी उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, लायसन सरकारचं हाय, माझं न्हाई. पोरं शिव्या देत गेली न्हाईत, नुसती गेली. मग सासूबाईंनी ते ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवलं. मार्शल लॉ लागल्यावर मामंजींनी ते काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि स्वतः कचेरीत नेऊन जमा केलं.

"भ्याले का?" धाकट्याने विचारलं. मी त्याला कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

अक्काआजींना प्रश्नाचं काही वाटलं नाही. "दिलं असतं तर त्या चौघांसंगं पाचवा झाला असता, सासूबाई म्हणायच्या. न्हाई दिलं म्हणून वरीसभर पेठेत मान वर करून चालला न्हाई, हे बी त्याच म्हणायच्या." फाशीची बातमी आली त्या दिवशी पणजोबांनी दुकान उघडलं नाही. पिस्तूल पुढे परत मिळालं. ते पेटीत गेलं ते गेलंच. बैलगाडीवर नेताना परत कुणी पाहिलं नाही.

मामा आत आले तेव्हा अक्काआजी विषय बदलून मला विचारत होत्या, पुण्यात शेंगदाणे काय किलो. मामांनी आधीचं ऐकलं असावं. घरी येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "आबांना शाळेत चिडवायचे पोरं. लायसनवाल्याचा नातू म्हणून." आबा म्हणजे पणजोबांच्या धाकट्या मुलाचा मुलगा, मामांहून थोरले चुलतभाऊ. बाकी रस्ताभर नंदीध्वजाच्या सरावाने वाट अडली होती, ते बघत बसलो.

सोमवार

परतीची हुतात्मा सकाळी लवकर सुटते, त्यामुळे निरोप अंधारातच. मामांनी चादरी घ्यायला लावल्याच. दोन बॅगा वाढल्या. चादर घेताना वजन बघा आणि दोन्ही बाजूंची नक्षी तपासा. अस्सल सोलापुरी चादर दोन्ही अंगांनी वापरता येते, रंग तेवढे उलटे दिसतात. शेंगा चटणी घरगुती करणाऱ्या बायकांकडून घ्या, फ्रीजबाहेरही टिकते.

रिव्हॉल्व्हरचं अजून ठरलेलं नाही. सरकारी संग्रहालयाला द्यावं असं धाकट्याचं मत. मामी म्हणते, कायमचं निकामी करून घ्या आणि ठेवा घरात. गंमत म्हणजे वेब्ली अँड स्कॉट आता आपल्याकडेच, उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात, तिथल्या एका कंपनीबरोबर रिव्हॉल्व्हर बनवते. धाकट्याने हे सांगितल्यावर मामांनी विचारलं होतं, "मग ह्याचे सुटे भाग मिळतील का बे?" नाही मिळणार.

परवा मामांचा फोन होता. ठाण्यात जमा केल्याच्या जुन्या सगळ्या पावत्यांवर फक्त 'रिव्हॉल्व्हर एक, जुने' एवढंच लिहिलंय, पुढच्या वेळी वर्णन पूर्ण असावं म्हणून सगळे ठसे, नंबर आणि 1921 ची पावती असं एका कागदावर नीट उतरवून पाठव, असं धाकट्याला सांगितलं. त्याने तो कागद टाइप करून पाठवला आहे. मालकांच्या रकान्यात आधी रेल्वेचा साहेब, मग पणजोबा.